काकांची फुंकर

समस्त धूम्रपानप्रेमी, धूम्रपानत्यागी आणि ‘मी आपली पार्टीत एखादीच’ या सर्वांत मोठ्या पंथातील बंधुभगिनींना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, एकेकाळी राजवाड्यापासून रेल्वेच्या फलाटापर्यंत जिचा अनिर्बंध संचार होता, ती आपली लाडकी सिगारेट सध्या लंडनमधील हाउन्सलो मुक्कामी अत्यवस्थ आहे. दुकानदार तिला कपाटात दडवून ठेवतात. तिच्या पाकिटावर तिचे स्वतःचे नाव बारीक अक्षरांत आणि सडक्या फुफ्फुसांचा फोटो मोठा. पबने तिला बाहेर काढले, ऑफिसने काढले, इस्पितळाने तर फाटकापलीकडे काढले. आता ती बस स्टॉपच्या मागे, पावसात, कॉलर वर करून उभी असते. हितचिंतकांनी भेटायला येताना फुले आणू नयेत. काडेपेटी तर मुळीच आणू नये.

ही घोषणा करायचा अधिकार मला आहे, कारण गेली कित्येक वर्षं मी तिच्या उशाशी बसून आहे. आणि खरं सांगायचं तर तिच्या गळ्याभोवती जे अनेक हात आहेत, त्यांतला एक माझा आहे. मी लोकांची सिगारेट सोडवते. तोच माझा व्यवसाय. भारतात कुणाला सांगितलं की लोक विचारतात, ‘म्हणजे भोंदूबाबा करतात तसं?’ नाही. मी पगारी आहे.

हाउन्सलोच्या हाय स्ट्रीटवर एक फार्मसी आहे. तिच्या मागच्या बाजूला, नॅपीचे गठ्ठे आणि कफ सिरपची खोकी यांच्यामधून वाट काढत गेलं की माझी खोली लागते. खोली म्हणायची आपली. दोन खुर्च्या, एक टेबल, आणि तिसरा माणूस आला की दार उघडं ठेवावं लागतं. विमानतळ जवळ, त्यामुळे डोक्यावरून सतत विमानं. एखादा गृहस्थ पाच मिनिटं चाचरून, डोळ्यांत पाणी आणून खरा आकडा सांगायला तोंड उघडतो आणि नेमकं तेव्हाच विमान जातं. मग मला त्याला विचारावं लागतं, ‘सॉरी हं, किती म्हणालात?’ दुसऱ्यांदा सांगताना आकडा हमखास निम्म्यावर येतो.

म्हणून माझ्याकडे यंत्र आहे. मोबाइलएवढं, पुढे कागदाची नळी. माणसानं खोल श्वास घ्यायचा, थोडा वेळ धरून ठेवायचा आणि मग नळीतून हळूहळू फुंकर घालायची. सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण रक्तात शिरला की ऑक्सिजनची जागा बळकावून बसतो. पाहुणा म्हणून आलेल्या आणि जायचं नाव न घेणाऱ्या लांबच्या नातेवाइकासारखा. यंत्र तो वायू मोजतं. कमी असेल तर हिरवा दिवा, मधला असेल तर पिवळा, जास्त असेल तर लाल. सिगारेट थांबवली की एक-दोन दिवसांत दिवा हिरवा होतो. फुफ्फुसं पूर्ववत व्हायला वर्षं लागतात, पण हा हिरवा दिवा लगेच मिळतो आणि माणूस लहान मुलासारखा हरखतो. माझा अर्धा धंदा त्या हिरव्या दिव्यावर चालतो.

उरलेला अर्धा, गप्पांवर.

या गप्पांतून मी एक शिकले. सिगारेट ओढणारा माणूस धुरासाठी ओढतो ही बिनधुराच्या लोकांची समजूत आहे. पुण्याहून आलेला निखिल नावाचा एक सॉफ्टवेअरवाला माझ्याकडे यायचा. एका आठवड्यात हिरव्या दिव्यावर आला आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा लाल.

“काय झालं रे?”

“ताई, ऑफिसची सगळी न्यूज बाहेर स्मोकिंग शेल्टरमध्ये असते. आमचा डायरेक्टर तिथे असतो, सिक्युरिटीवाला असतो, एचआरवाली असते. आत मला कोणी ओळखत नाही, बाहेर सगळे ‘निक, निक’ करतात.”

“मग जा की बाहेर. सिगारेट कशाला हवी?”

“रिकाम्या हातानं उभा राहू? सीआयडी वाटेन.”

त्याला मी गाजर घेऊन जायला सांगितलं. तो खरंच गेला. आता त्या ऑफिसात दुपारी तीन वाजता चारजण गाजरं खातात असं ऐकते; डायरेक्टर अजून धुरात आहे.

आणि मॉरीन. नवरा गेल्यावर ती रोज संध्याकाळी त्याच्या ब्रँडची एक सिगारेट पेटवायची. “घराला त्याचा वास येतो, माय लव्ह,” म्हणाली. यावर माझ्या ट्रेनिंगमध्ये काहीच उत्तर नव्हतं. पुढे ती नुसती पेटवून खिडकीत ठेवायला लागली, ओढायची नाही. दिवा हिरवा. मी तिला शाबासकी दिली आणि त्या खिडकीतल्या सिगारेटविषयी वरिष्ठांना कधी बोलले नाही. उदबत्ती समजायची.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा हा देश अजून मनसोक्त धूर सोडत होता. पबमध्ये जाऊन आलं की स्वेटर दोन दिवस गॅलरीत टांगावा लागे, आणि गॅलरी नव्हतीच. कॅफेच्या टेबलावर मीठ, मिरपूड आणि ॲश-ट्रे हे त्रिकूट असायचं. ज्या घरात कुणीच ओढत नसे त्या घरातही पाहुण्यांसाठी काचेचा एक ॲश-ट्रे असायचा आणि तो रोज पुसलाही जायचा. भारतात जाताना काकामामांची एकच मागणी, ‘येताना ड्यूटी-फ्रीचं एक कार्टन.’ मी ती कार्टनं इमानेइतबारे वाहिली आहेत. आता त्याच मंडळींना मी फोनवरून निकोटीनच्या पट्ट्या कशा लावायच्या ते सांगते. आयुष्यभर एकाच गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूंनी सेवा देणारी माझ्यासारखी दुसरी नसेल.

तर आता वसंतकाकांची गोष्ट. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत हे माझे सर्वांत लाडके, आणि ज्यांच्यावर मी सर्वांत कमी विश्वास ठेवला तेही हेच.

वसंतकाका मूळचे साताऱ्याचे. पन्नास वर्षांपूर्वी इथे आले आणि विमानांच्या देखभालीत उभी हयात काढली. पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीत बसून त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “मेधा, आधीच सांगतो, मला सोडायची नाहीये.”

“मग आलात कशाला, काका?”

“आलो नाही. आणलंय.”

दार उघडंच होतं, कारण तिसरं माणूस होतं. सुमनकाकू दाराशी खोक्यावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर, नजर नवऱ्यावर. “लग्न झाल्यापासून सांगतेय. माझं कोण ऐकतं? सुनेनं एका वाक्यात काम केलं.”

सून म्हणजे नेहा. ग्लासगोत वाढलेली, डॉक्टर आईबापांची मुलगी. मराठी बोलते, अगदी हट्टानं बोलते, पण लिंगांचा पसारा तिला कधी आवरता आला नाही. ती तेव्हा गरोदर होती आणि तिनं सासऱ्यांना जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं, “बाबा, सॉरी, पण जो स्मोक करणार तो माझी बाळ घेणार नाही.”

“व्याकरण चुकलं,” काका मला म्हणाले, “पण अर्थ बरोबर लागला.”

काकांसाठी सिगारेट म्हणजे नुसतं व्यसन नव्हतं, पूर्ण कारकीर्द होती. विमानात ओढायची परवानगी होती त्या काळात सीटच्या हातातले ॲश-ट्रे दुरुस्त करायचं काम त्यांनी केलं होतं. “आणि गंमत सांगतो,” ते टेबलावर बोटानं विमान काढत म्हणाले, “विमानाच्या पत्र्याला कुठे बारीकशी फट असली ना, तर आतला धूर तिथून बाहेर जायचा आणि बाहेरच्या अंगाला तपकिरी ओघळ उमटायचा. आम्ही नुसतं बघून सांगायचो, गळती इथे आहे. सिगारेट बंद झाली आणि आमची ती खूणच गेली. आजही विमानाच्या टॉयलेटमध्ये ॲश-ट्रे असतो हं. नियम आहे. ओढायची बंदी, पण कुणी गाढवानं ओढलीच तर विझवायची कुठे?”

“बघितलंस,” काकू म्हणाल्या, “ह्यांना वाटतं विमानं सिगारेटवर उडायची.”

सोडायचा दिवस आधी ठरवायचा असतो. इंग्रज लोक एक जानेवारी घेतात आणि चार जानेवारीला मोडतात. आपली माणसं मुहूर्त बघतात. काकूंनी पर्समधून चष्मा काढला, फोनवर पंचांग उघडलं आणि पितृपक्ष संपल्यानंतरचा दसरा दिला. “सीमोल्लंघन,” त्या म्हणाल्या. त्यावर काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना देशाबाहेरच काढताहेत.

मी पट्टी दिली, निकोटीनचा गम दिला. “हा सारखा चघळायचा नाही, काका. थोडा चावायचा आणि गालात धरून ठेवायचा.”

“म्हणजे तंबाखूच की!”

“काका!”

“नाही, पद्धत माहीत आहे म्हणून म्हटलं.”

आणि त्यांनी सोडली. मला धक्काच बसला. इतकी वर्षं ओढणारी माणसं तीन-चार वेळा घसरतात, तेही माझ्या हिशेबात धरलेलं असतं. काका घसरले नाहीत. चिडचिड केली, बडीशेप खाल्ली, बागेचं कुंपण दोनदा रंगवलं. दर मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास येऊन फुंकर घालायचे, हिरव्या दिव्याचा फोटो काढायचे आणि तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकायचे. खाली नेहाचा अंगठा. मुलाचा, म्हणजे समीरचा, नाचणारा माणूस. काकूंचे हात जोडलेले. जानेवारीच्या सुरुवातीला नात झाली तेव्हा पुढच्या मंगळवारी काका मिठाईचा डबा घेऊन आले आणि मला फोटो दाखवला: स्वतः खुर्चीत ताठ बसलेले, हातात गुंडाळी, आणि चेहऱ्यावर बॉम्ब धरलेल्या माणसाचे भाव.

“एवढंसं नाक आहे गं तिचं,” ते म्हणाले. “त्यातून श्वास जातो तरी कसा!”

त्यानंतरच्या मंगळवारी दिवा पिवळा लागला.

मी यंत्राकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. ते यंत्राकडेच बघत होते.

“काका?”

“नाही.”

“एखादी? आनंदाच्या भरात? होतं असं. मी रागावणार नाही.”

“मेधा, नाही म्हटलं ना.”

असा दिवा अचानक चढला तर आम्ही काही ठरलेले प्रश्न विचारतो. ते मी विचारले. घरातला बॉयलर? शरद ऋतूत माणूस येऊन तपासून गेला, अलार्मसकट. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवता? गॅरेज नाही. बार्बेक्यू? “जानेवारीत?” काका म्हणाले. सगळे प्रश्न संपले, आणि मग माझ्यापाशी एकच उत्तर उरलं, जे या धंद्यात दहांतून नऊदा बरोबर असतं. मी मान हलवली, हसले आणि म्हणाले, “असू दे. पुढच्या आठवड्यात बघू.”

ते ‘असू दे’ काकांना फार लागलं. मला दिसलं. पण खोक्यावर बसलेल्या काकूंना पिवळा दिवाही दिसला होता आणि त्या दिवशी ग्रुपवर फोटो गेला नाही. संध्याकाळपर्यंत नेहाला कळलं. तिनं भांडण केलं नाही. नुसतं बाळ काकांच्या हातातून घेतलं आणि म्हणाली, “बाबा, ग्रीन झाला की.” घरातल्या घरात माणसाची नात दोन हातांवर असावी आणि त्याला ती घेता येऊ नये, यापेक्षा कडक शिक्षा कुठल्या कोर्टानं दिली नसेल.

पुढच्या मंगळवारी काकांनी टोपी काढली नाही, बसले नाहीत, गप्पा नाहीत. उभ्यानंच नळीत फुंकर घातली.

लाल.

“हे बघा!” काकू खोक्यावरून उठल्या. “लाल! ओढत होतात तेव्हाचा रंग! माझं सोडा हो, माझं काय, मी ऐकून घेतलं जन्मभर. पण त्या तान्ह्या पोरीशी खोटं? कुठे लपवलीत? शेडमध्ये? कुंपणाला रंग द्यायला म्हणून जाता ते ह्याचसाठी?”

 काका खाली बसले, आणि माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, “तिच्यासाठी सोडली. आणि आता सोडूनही तीच मिळत नाही. म्हणजे मी दोन्हीकडून गेलो की नाही?”  मग त्यांचा आवाज चढला. “तुझं हे यंत्र बिघडलंय, मेधा. आयुष्यभर मशिनं बघितलीत मी. हिला फुंकायला लाव. लाव हिला!”

“लाव, लाव,” काकू म्हणाल्या. “बघू दे ह्यांना. जन्मात कधी ज्या तोंडाला विडी-काडी लागली नाही, त्या तोंडाची फुंकर कशी असते ते बघू दे.”

मी नवी नळी लावली. काकूंनी पदर खोचला, हरिपाठाला बसावं तशा ताठ बसल्या, श्वास घेतला, धरला, आणि अत्यंत सात्त्विक अशी फुंकर घातली.

दिवा लाल.

डोक्यावरून एक विमान गेलं. ते जाईपर्यंत आम्ही तिघंही त्या दिव्याकडे बघत होतो.

“सुमन,” काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य, आणि किंचित आशा. “अगं, कधीपासून?”

मला हसू फुटलं. अशी हसले की बाहेरून फार्मसिस्टनं डोकावलं. हसत हसतच मी तिसरी नळी लावली आणि यंत्र तपासायला म्हणून स्वतः फुंकर घातली. हिरवा. लख्ख हिरवा.

यंत्र बिघडलेलं नव्हतं.

हसू कुठे गेलं कळलं नाही. एकाच घरातली दोन माणसं. एकानं सोडलेली, दुसरीनं कधी शिवलेली नाही. दोघांच्याही रक्तात तोच वायू.

“काकू, घरी आत्ता कोण आहे?”

“नेहा आणि बाळ. निजल्यात दोघी. समीर कामावर.”

“कुणाचं डोकं दुखतं?”

“बाळंतिणीचं दुखणारच. सकाळी म्हणत होती, ‘आई, माझा डोका फुटतोय.’ मळमळतंय पण म्हणाली. म्हटलं शेक घे आणि पडून राहा. बाळाला मात्र शेक इतका मानवलाय, दिवसभर आवाज नाही तिचा.”

“शेक? कसला शेक?”

“शेगडीचा. अगं, बाळ-बाळंतिणीला शेक नको? मागच्या खेपेला साताऱ्याहून छोटी शेगडी आणली होती बॅगेतून. कोळसे इथे मिळतात की, गार्डन सेंटरला, त्या बार्बेक्यूचे.” माझा चेहरा बघून त्या घाईघाईनं म्हणाल्या, “पण धूर अजिबात नाही हं! नेहाचा नियम म्हणजे नियम. हे बागेत बसून निखारे पार लालबुंद फुलवतात, धूर संपला की मगच शेगडी वर आणतात. बाळ घ्यायला नाही मिळत, तर तेवढा वेळ कोपऱ्यात शेगडीपाशी बसून बघतात तिला.”

“आणि आत्ता शेगडी कुठे आहे?”

“तिथेच. आज थंडी किती आहे! म्हटलं खोली उबदार राहू दे. खिडक्या बंद केल्यात, दाराच्या फटीला टॉवेलसुद्धा लावलाय.”

वाचकहो, निखाऱ्यांना धूर नसतो. वास नसतो. तो रंग नसलेला, नाव न सांगता घरात शिरणारा वायू मात्र भरपूर असतो. आपल्याकडे कौलांतून, दाराखिडक्यांतून तो निघून जायचा, म्हणून कित्येक पिढ्यांची बाळं शेकून धडधाकट वाढली. इथल्या घराची खिडकी दुहेरी काचेची. ऊब बाहेर जात नाही, म्हणजे काहीच बाहेर जात नाही.

काकांना मला काही समजवावं लागलं नाही. ते दारातून बाहेर पडले होते. टोपी जमिनीवर.

मी नेहाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. त्या वेळी मला माहीत असलेल्या सगळ्या देवांची नावं मी एका दमात घेतली आणि काही नव्यानं तयारही केली. तिसऱ्यांदा उचलला.

“हॅलो…” दारू प्यायलेल्या माणसासारखा आवाज.

“नेहा, ऊठ. बाळाला उचल आणि बागेत जा. आत्ता.”

“ताई, बाहेर खूप थंड आहे…”

“असू दे थंड. दार उघड, खाली उतर, बागेत जा. शेगडीला हात लावू नकोस. फोन चालू ठेव. चालतेयस ना? बोल माझ्याशी.”

ती बोलत नव्हती, पण पायऱ्यांचा आवाज येत होता. मधेच थांबला. पुन्हा आला. मग मागचं दार उघडल्याचा आवाज, आणि मग, कितीतरी वेळानं, एक बारीक, किरकिरं, संतापलेलं रडणं. मी त्या खोलीत बसून असंख्य लोकांच्या फुंकरी ऐकल्या आहेत. त्या एवढ्याशा नाकातून निघालेल्या आवाजासारखं दुसरं काही ऐकलेलं नाही.

फार्मसिस्टनं तोवर इमर्जन्सीला फोन केला होता. काकूंचा हात धरून मी निघाले. घर मागच्याच गल्लीत. पोचलो तेव्हा नेहा ड्रेसिंग गाऊनमध्ये बागेतल्या बाकावर, बाळ रजईत, आणि काका तिच्यासमोर गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभे. बाळाला त्यांनी हात लावला नव्हता. नियम म्हणजे नियम.

अग्निशमनवाले आले. त्यांच्यातला एक धिप्पाड माणूस मास्क लावून आत गेला. त्याच्याकडचं यंत्र जिन्यातच किंचाळायला लागलं. थोड्या वेळानं त्यानं साताऱ्याची ती छोटी शेगडी हात लांब करून बाहेर आणली आणि हिरवळीवर ठेवली. जिन्यावरच्या स्मोक अलार्मला फोडणीच्या वेळी ओरडतो म्हणून प्लास्टिकची शॉवर कॅप घातलेली होती, तीही त्यानं काढून आणली. बॉयलरपाशी या वायूचा अलार्म होता, पण तो खालच्या मजल्यावर, बंद किचनमध्ये.

“हे काय आहे, लव्ह?” त्यानं काकूंना विचारलं.

“फॉर बेबी,” काकू म्हणाल्या.  “बट नो स्मोक! ॲब्सोल्यूटली नो स्मोक!”

“हो ना,” तो मऊ आवाजात म्हणाला. “धूर असता तर तुम्हाला कळलं असतं.”

त्या दिवसापासून माझ्याकडे कुणाचा दिवा विनाकारण चढला तर मी ‘असू दे’ म्हणत नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलावते आणि फुंकर घालायला लावते. आणि आपलं माणूस असेल तर थेट विचारते: घरात बाळंतीण आहे का?

इस्पितळात चौघांना ओळीनं ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत नेहाची डोकेदुखी उतरली, बाळ दोनदा दूध प्यायलं आणि डॉक्टरांनी येऊन सांगितलं की वेळेत आलात, सगळं ठीक होईल. समीर ऑफिसातून धावत आला होता तो अजून उभाच होता. मग एक नर्स फॉर्म घेऊन आली. तिचा ठरलेला प्रश्न होता, घरात कुणी स्मोक करतं का?

सगळ्यांच्या माना सवयीनं काकांकडे वळल्या. काकांनी मास्कमधूनच मान हलवली, नाही. आणि मग त्यांनीही सवयीनं डोळे खाली घातले.

“नाही,” नेहा नर्सला इंग्रजीत म्हणाली. “माझ्या सासऱ्यांनी सोडली. कधीच सोडली.” मग ती पलंगावरून उतरली, बाळ घेऊन काकांपाशी गेली. “बाबा, घ्या तिला. माझा चूक झाला.”

काकांनी बाळ घेतलं. त्यांचा मास्क आतून धूसर झाला होता, त्यामुळे चेहरा दिसला नाही. बाळानं मात्र त्या मास्ककडे टक लावून पाहिलं आणि ते रडायचं थांबलं.

काकू मघापासून पलीकडच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. ज्या हातांनी त्यांनी त्या पोरीला ऊब दिली होती, ते दोन्ही हात पदरात गुंडाळून.  नेहा त्यांच्याजवळ गेली, खांद्यावर हात ठेवला. “आई, तुम्हाला माहीत नव्हता. कोणालाच नव्हता.”

काकूंनी वळून पाहिलं. नातीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. आणि मास्क हनुवटीखाली ओढून, नर्स, डॉक्टर आणि अख्ख्या वॉर्डाच्या देखत ओरडल्या:

“त्यापेक्षा मेली ती सिगारेट बरी होती हो! निदान ती ओढायला हे घराबाहेर तरी जायचे!”